फेटा, जोडा आणि खुर्ची

नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या माणसापुढे आदल्या रात्री जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहता फार क्षुल्लक दिसतो. कोणता सदरा घालावा, कोट असावा की नसावा, पायांत काय असावे? घरातील वडीलधारी माणसे एक सांगतात, नुकताच नोकरीला लागलेला शेजारचा तरुण दुसरेच सांगतो, आणि उमेदवार बिचारा परीटघडीचे कपडे खुंटीला टांगून त्यांच्याकडे पाहत बसतो. इतिहासकार या प्रश्नाकडे सहसा वळत नाहीत. लढाया, तह आणि महसुलाचे आकडे यांतून त्यांना सवड मिळत नाही. परंतु म्हैसूर संस्थानाचा गेल्या दोनशे वर्षांचा वृत्तांत चाळू लागले, तर डोक्यावर काय घालावे, पायांत काय असावे आणि बसावे कशावर, या तीन प्रश्नांनी तेथील राजसेवकांना पुष्कळच सतावले होते, असे आढळते. त्या राजसेवकांत मराठी बोलणाऱ्यांचा भरणाही थोडा नव्हता.

म्हैसूरच्या कारभाराशी मराठीचा संबंध जुना आहे. हैदर आणि टिपू यांच्या अमदानीत महसुली हिशेबांत फारसी व कानडी यांच्याबरोबर मराठीही चालत असे. त्या दोघांच्याही हाताखाली काम केलेला पूर्णय्या देशस्थ ब्राह्मण होता. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, पाच वर्षांच्या कृष्णराज वडियरांना गादीवर बसवण्यात आले आणि कारभार पूर्णय्याकडेच राहिला, तो १८११ पर्यंत. पुढे १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतल्यावर तंजावर-कुंभकोणकडील मराठी देशस्थांना म्हैसुरात मोठ्या जागा मिळत गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव हे लागोपाठचे दोन दिवाण याच मंडळींतले. आनंदराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. पुण्याच्या पेठांपासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या पाण्यावर वाढलेली ही मराठी कुटुंबे घरात आपली मराठी बोलत, कचेरीत कानडी लिहीत आणि साहेबाशी इंग्रजीत बोलत. मग डोक्यावर मात्र काय घालत?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. महाराष्ट्रात त्या काळी शिरोभूषण ही माणसाची बोलकी पाटीच होती. चक्री पगडी दिसली की ब्राह्मण, मुंडासे दिसले की कुणबी; शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरी वेगळी, प्रभूंची वेगळी. माणूस तोंड उघडण्यापूर्वी त्याची जात, प्रांत आणि बहुधा त्याची ऐपतही समोरच्याला कळत असे. कचेरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या तरुणाची निम्मी मुलाखत तेथेच उरकलेली असे, असे म्हटले तरी चालेल. म्हैसूरच्या दरबारी फेट्याने या बाबतीत एक निराळी गोष्ट केली. पांढरा किंवा रंगीत, जरीच्या काठाचा, घट्ट बसवलेला तो पेटा वडियरांच्या दरबाराचा म्हणून ओळखला जाई. पांढरी विजार, काळा लांब कोट आणि पेटा असा तेथील दरबारी वेष ठरून गेला. तो चढवला की माणूस प्रथम म्हैसूरचा दिसे आणि मग अमक्या जातीचा. अर्थात जात नाहीशी झाली असे कोणी समजू नये. ती कोटाच्या आत गेली, एवढेच.

त्या काळी मुलाखत नावाचा विधी मात्र नव्हता. होती ती उमेदवारी. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा. आज हा शब्द निवडणुकीला उभ्या राहणाऱ्यालाही लावतात. पण त्याचा मूळ धनी कचेरीच्या ओसरीवर बिनपगारी बसणारा तो तरुण आहे. कोणा नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने तो तेथे पोहोचे. महिनोन्‌महिने नकला करी, शाई घोटी, वरिष्ठांचे अक्षर गिरवी, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही. या सबंध काळात त्याचे अंगरखा-उपरणे हेच त्याचे शिफारसपत्र असे. ते धुतलेले असावे, फाटलेले नसावे आणि वरिष्ठाच्या वेषापेक्षा भारी तर मुळीच नसावे. मुलाखत अर्ध्या तासात संपते. उमेदवारी दोनदोन वर्षे चाले. तेव्हा रोजच मुलाखत, आणि रोजच तो पोशाखाचा प्रश्न.

इंग्रजी अंमलात या प्रश्नाला पायांकडून एक नवाच फाटा फुटला. आपल्याकडे थोरांसमोर जाताना जोडे बाहेर काढायचे आणि डोके झाकलेले ठेवायचे, ही रीत. साहेबाच्या देशात नेमके उलट. तेथे टोपी काढली की आदर झाला, आणि बूट पायांतच राहिले पाहिजेत. दोन्ही रीती आपापल्या घरी शहाण्याच. घोटाळा झाला तो त्या एका दालनात आल्या तेव्हा. साहेबाला एतद्देशीयाने जोडे काढलेले हवे होते, स्वतःचे मात्र काढायचे नव्हते. १८५४ साली, डलहौसीच्या कारकिर्दीत, बंगालसाठी एक ठराव झाला. त्यात म्हटले होते की, जे एतद्देशीय गृहस्थ विलायती पद्धतीचे बूट व मोजे घालतील, त्यांना सरकारी प्रसंगी ते घालून येण्यास हरकत नाही. देशी जोडा घालणाऱ्याला मात्र तो दाराशीच सोडावा लागे. १८६२ मध्ये सुरतेच्या अदालतीत एका पारशी गृहस्थाला पायांत जोडे असल्यामुळे आत येऊ दिले नाही, आणि त्यावरून मुंबई इलाख्यात बराच वाद माजला.

या नियमाचा नोकरी शोधणाऱ्यांनी घेतलेला धडा सरळ होता. चांभारवाड्यातला जोडा घालून गेलास तर अनवाणी उभा राहशील. विलायती बूट घेतलेस तर चार पावले आत जाशील. त्या काळच्या छायाचित्रांतील सुशिक्षित हिंदी गृहस्थाचे ते चमत्कारिक रूप, म्हणजे डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट, खाली धोतर आणि पायांत मोजे-बूट, हे केवळ अनुकरणाच्या हौसेतून आलेले नाही. वरची पगडी घरच्यांसाठी आणि खालचे बूट दारावरच्या शिपायासाठी, असा तो हिशेब होता. न्यायमूर्ती रानड्यांसारखा हायकोर्टाचा न्यायाधीशसुद्धा पगडी सोडीत नसे. त्यात परंपरेचे प्रेम होते, तसाच थोडा निग्रहही असावा.

पोशाखाची ही भाषा उलटी वापरून दाखवणारा माणूसही महाराष्ट्रातच निघाला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ केला. जरीचे फेटे, शाली, हिऱ्यामोत्यांचे अलंकार यांची तेथे दाटी होती. जोतीराव फुले तेथे गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. राणीच्या या पुत्राला त्यांनी सांगितले की, येथे जमलेले श्रीमंत म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यांत आहे. फुल्यांना कोणाची नोकरी नको होती, म्हणून हे त्यांना शक्य झाले असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण पोशाख हा अर्ज असू शकतो तसा तो जबाबही असू शकतो, हे त्या दिवशी पुण्याच्या प्रतिष्ठितांना समजले असावे.

म्हैसुरात १८८१ च्या मार्चमध्ये कारभार पुन्हा वडियरांकडे आला. चामराजेंद्र वडियर गादीवर बसले, रंगाचार्लू दिवाण झाले आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास प्रजाप्रतिनिधी सभा भरली. पुढे शेषाद्री अय्यरांच्या दिवाणगिरीत, १८९१ मध्ये, संस्थानाच्या वरिष्ठ नोकऱ्यांसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली. ओसरीवरच्या उमेदवारीला हा मोठाच धक्का होता. उत्तरपत्रिकेला पगडी नसते. तपासणाऱ्याला अक्षर दिसते, अंगरखा दिसत नाही.

परंतु परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही दसऱ्याच्या दरबारात हजर राहावे लागे, आणि तेथे पोशाखाची जुनी गणिते पुन्हा उभी राहत. मुम्मडि कृष्णराज वडियरांच्या काळी, १८०५ च्या सुमारास, दसऱ्याला खास दरबार भरवण्याचा प्रघात पडला. पुढे युरोपियन पाहुण्यांची व्यवस्था निराळी होत गेली. त्यांना खुर्च्या, त्यांच्या पायांत बूट. संस्थानचे हिंदी अधिकारी, मग ते कितीही मोठ्या हुद्द्याचे असोत, दरबारी वेषात, अनवाणी, जमिनीवर मांडी घालून बसत. ज्याच्या हाताखाली साहेब काम करतो तो हिंदी अधिकारी खाली आणि तो साहेब वर खुर्चीवर, असा देखावाही घडत असे.

हा देखावा ज्याला खपला नाही, त्याची नोकरीची सुरुवात आपल्याकडची होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले. १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांची उमेदीची वर्षे गेली. खडकवासल्याच्या धरणावरचे आपोआप उघडणारे दरवाजे हे त्यांचेच काम. मुलाखतीच्या संदर्भात त्यांची एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. १९०९ मध्ये म्हैसूरकडून मुख्य अभियंत्याच्या जागेबद्दल त्यांना विचारणा झाली. सामान्य माणसाने लगोलग होकार कळवला असता आणि शिंप्याला निरोप धाडला असता. विश्वेश्वरय्यांनी आधी उलट चौकशी केली. मोठी कामे करण्यास वाव मिळेल काय, असे त्यांनी विचारले, आणि तसे आश्वासन मिळाल्यावरच ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रुजू झाले. उमेदवारानेच धन्याची मुलाखत घेतली, असा हा प्रकार.

रुजू झाल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला ते दरबारास गेले आणि त्यांनी ती बैठक पाहिली. काही न बोलता ते परतले. पुढच्या दसऱ्याला ते गेलेच नाहीत. का आला नाहीत, अशी विचारणा महाराजांच्या खाजगीकडून झाली, तेव्हा त्यांनी कारण स्वच्छपणे सांगितले. त्यानंतर हिंदी अधिकाऱ्यांनाही खुर्च्या देण्याचा हुकूम झाला. येथे नाल्वडि कृष्णराज वडियरांच्या थोरपणाचीही दखल घ्यायला हवी. तरुण राजाने पिढ्यान्‌पिढ्यांची बैठक एका नोकराच्या गैरहजेरीवरून बदलली, हे त्या काळच्या संस्थानांत नित्य घडणारे नव्हते. आणि विश्वेश्वरय्यांनी केले काय? निषेधाचे भाषण केले नाही, वेष टाकला नाही. त्यांचे छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल, तो काठाकाठाने नेटका बसवलेला पांढरा म्हैसुरी पेटा त्यांच्या डोक्यावर अखेरपर्यंत आहे, आणि खाली आहे तो उत्तम बेतलेला इंग्रजी धाटणीचा सूट. फेट्याशी त्यांचे भांडण नव्हतेच. भांडण जमिनीशी होते.

त्याच सुमारास, डिसेंबर १९११ मध्ये, दिल्लीच्या दरबारात सयाजीराव गायकवाडांनी साध्या पांढऱ्या वेषात, अलंकार न घालता, पंचम जॉर्ज बादशहाला एकदाच लवून नमस्कार केला आणि ते पाठ फिरवून निघाले. त्यावरून केवढे काहूर माजले, हे सर्वश्रुत आहे. बडोद्याच्या महाराजांना कोणाकडे नोकरी मागायची नव्हती, तरीही त्यांना खुलासा करावा लागला. पोशाखाच्या कायद्यातून राजेही सुटत नाहीत.

नोव्हेंबर १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण झाले. जागा स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना बोलावून सांगितले की, माझ्याकडे कोणी कोणाची शिफारस आणणार नसेल तरच मी हे पद घेईन. ओसरीवरच्या जुन्या उमेदवारीचे दार त्यांनी आपल्या घरापुरते तरी असे लावून घेतले. गुण हाच एक निकष, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती प्रामाणिक होती यात संशय नाही. पण या श्रद्धेला एक बाजू कमी होती. परीक्षेच्या दालनात सगळ्यांचे कागद सारखे असले, तरी त्या दालनापर्यंत पोहोचण्याचा रस्ता सगळ्यांना सारखा नव्हता. ज्या घरात तीन पिढ्या लेखणी होती, त्या घरातल्या मुलाने कोट घातला की तो त्याला शोभून दिसे; शेतकऱ्याच्या मुलाने तोच कोट उसना आणून घातला की तो उसना दिसे. म्हैसुरातील ब्राह्मणेतर समाजांनी याच विषमतेवर बोट ठेवले. १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढल्या वर्षी तिने मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत अधिक स्थान द्यावे, असे सुचवले. विश्वेश्वरय्यांना हे धोरण पटले नाही. त्यांनी दिवाणगिरी सोडली, त्याला हा मतभेद एक मुख्य कारण झाला, असे मानले जाते. खुर्चीच्या बाबतीत ज्याला अन्याय चटकन दिसला, त्या थोर पुरुषाला या बाबतीत तो तितक्या लवकर दिसू नये, याचे नवल वाटते.

याच वर्षांत बडोद्याला काय घडले, ते आठवले म्हणजे मिलर समितीची निकड ध्यानात येते. १९१७ मध्ये भीमराव आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. विद्या कोलंबिया विद्यापीठाची, नेमणूक खुद्द महाराजांच्या मर्जीतली. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकत, आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे सूट आणि टाय हा त्यांनी जवळजवळ नित्याचा वेष केला. काहींना तो साहेबी थाट वाटला. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीही मनाई होती, त्या समाजातल्या मुलांनी मात्र त्याचा अर्थ बरोबर वाचला. आजही महाराष्ट्रातल्या किती घरांत, पहिल्या मुलाखतीला निघालेला मुलगा त्या निळ्या सुटातल्या तसबिरीला नमस्कार करूनच उंबरठा ओलांडतो.

म्हैसूरकडे पुन्हा वळायचे तर तेथे एक असा प्रयोग झाला, ज्यात उमेदवाराचा पोशाख पाहण्याची सोयच नव्हती. महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. व्ही. गोपालस्वामींनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून ध्वनिक्षेपण सुरू केले आणि त्या केंद्राला आकाशवाणी हे नाव दिले. पुढे १९५७ मध्ये सबंध देशाच्या नभोवाणीने तेच नाव उचलले. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याने पेटा घातला आहे की नाही, हे घरोघरच्या श्रोत्यांना कळायचे कारण नव्हते. आवाज, उच्चार आणि सांगायचे ते स्वच्छ सांगण्याची हातोटी, एवढ्यावर निवाडा. अर्थात उच्चारालाही पगडी असते, हे कोणत्याही खेड्यातून आलेला माणूस सांगेल.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये म्हैसूर राज्याचा लोकसेवा आयोग आला आणि मुलाखत ही कायद्याने बांधलेली गोष्ट झाली. मेजाच्या एका बाजूला तीन-चार सदस्य, दुसऱ्या बाजूला एक खुर्ची. ती खुर्ची आता प्रत्येक उमेदवाराला मिळते. मात्र तिच्यावर टेकण्यापूर्वी परवानगीसाठी क्षणभर थांबावे, असे शिकवण्या देणारे अजूनही सांगतात. त्यानंतरच्या पिढीला म्हैसूर आठवते ते निराळ्याच कारणाने. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेल्या इन्फोसिस कंपनीने म्हैसूरला प्रचंड प्रशिक्षण केंद्र उभारले. महाराष्ट्राच्या गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निवडलेली मुले-मुली पहिली नोकरी म्हणून तेथे जाऊ लागली. इस्त्रीचा सदरा, विजार, चकाकते बूट यांची बेगमी करून ती गाडीत बसत. जून २०१५ मध्ये त्या कंपनीने रोजच्या पोशाखाचा नियम सैल केला आणि साधे कपडे चालतील असे जाहीर केले. मुलाखतीचा पोशाख मात्र कोणत्याही जाहीरनाम्याने अद्याप सैल झालेला नाही. ज्या दिवशी नोकरी नसते, त्या दिवशीच माणसाला सर्वांत चांगले कपडे लागतात.

आणि तो पेटा? तो नोकरी मागणाऱ्याच्या डोक्यावरून उतरला आणि सत्कारमूर्तीच्या डोक्यावर चढला. कर्नाटकात समारंभाला पाहुणा आला की शाल, हार आणि म्हैसुरी पेटा ठरलेला. आपल्या पुणेरी पगडीचे तेच झाले. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, पण ती घालून कचेरीत जाणारा माणूस उरला नाही. दोन्ही आता शिवून तयार मिळतात, टोपीसारख्या डोक्यावर ठेवता येतात आणि भाषण संपल्यावर पिशवीत घालून घरी नेता येतात. राजघराण्याच्या खाजगी दसरा दरबारात मात्र जुना वेष अजून टिकून आहे.

विश्वेश्वरय्या दिवाण झाले त्याच वर्षी, १९१२ मध्ये, नवा राजवाडा बांधून पुरा झाला. जुना १८९७ मध्ये राजकन्येच्या विवाहप्रसंगी आगीत जळाला होता. या नव्या वाड्यात आता रोज हजारो माणसे दरबारचे दालन पाहायला येतात. आत जाण्यापूर्वी बाहेरच्या बाजूला पादत्राणे ठेवण्याची जागा आहे. कोल्हापुरी वहाणा, पळण्याचे बूट, परदेशी पाहुण्याचे चामडी जोडे, सगळे तेथे एका ओळीत ठेवावे लागतात. मग माणसे अनवाणी आत जातात आणि रंगीत खांबांमधून हिंडून उभ्या उभ्याच दरबार पाहून परततात.